दुनळीचा धक्का मझल ब्रेकने का कमी होत नाही

ओलित करताना लपेटा पाइपात पाणी जोरात आलं, की त्याचं मोकळं तोंड मागे सरकतं आणि वळवळतं. त्याच तोंडाला ‘टी’ बसवली, तर पाणी दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं आणि पाइप जागेवर राहतो. टीची एक बाजू चिखलाने बुजली, तर तो उलट्या दिशेला फेकला जातो. रायफलच्या नळीच्या तोंडाशी बसणारा, बाजूंना छिद्रं असलेला मझल ब्रेक म्हणजे अशीच टी. तिच्यातून पाण्याऐवजी जळलेल्या दारूचा वायू जातो.

गोळीमुळे बसलेला धक्का ब्रेक कमी करू शकत नाही, तो फक्त वायूचा धक्का वळवतो. म्हणून आपल्या बंदुकीच्या धक्क्यात वायूचा वाटा किती, हे आधी पाहावं.

थर्टी-ऑट-सिक्स रायफलमध्ये 11.7 ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 820 मीटर वेगाने सुटते. तिच्यामागे साधारण 3.6 ग्रॅम दारूचा वायू असतो. गोळी बाहेर पडताच तो तिच्याही दीडपटीहून अधिक वेगाने उसळतो. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग, असा हिशेब केला, तर एकूण धक्क्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग वायूचा निघतो. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे संवेग एक चतुर्थांश घटला तरी ऊर्जा 44 टक्क्यांनी घटते. इथे ब्रेक खरोखर कामाचा आहे.

आपल्याकडे वावरात जागलीला असते ती बहुधा बारा बोअरची दुनळी. तिच्या काडतुसात 32 ग्रॅम छर्रे असतात आणि दारू जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. वायूचा वाटा सहा-सात टक्क्यांवर जात नाही, आणि तोंडाशी येईपर्यंत त्याचा दाबही उतरलेला असतो. अशा नळीला छिद्रं पाडण्यात पैसा घालू नये. दस्त्याला दोन-अडीच सेंटिमीटरची रबरी गादी लावावी. ती संवेग कमी करत नाही, पण तोच धक्का खांद्यावर जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवते. मात्र गादीच्या जाडीइतका दस्ता कापून घ्यावा, नाहीतर बंदूक लांब पडते, खांद्यात नीट बसत नाही आणि गालाला मार बसतो. छर्रे 32 ऐवजी 28 ग्रॅम घेतले, तर त्याच वेगाला धक्क्याची ऊर्जा एक पंचमांशाहून अधिक उतरते.

रायफलला ब्रेक घेताना छिद्रांची दिशा पाहावी. चहूबाजूंनी छिद्रं असलेला ब्रेक आडवं पडून झाडला, की खालचा वायू काळ्या मातीची धूळ थेट डोळ्यांसमोर उडवतो. फक्त दोन्ही बाजूंना छिद्रं असलेला बरा. वरच्या बाजूला थोडी छिद्रं असली, तर नळीचं तोंड उसळत नाही. ‘फ्लॅश हायडर’ दिसायला तसाच असतो, पण त्याचं काम ज्वाळा झाकण्याचं. धक्का तो फारसा कमी करत नाही.

ब्रेक बसवायला नळीच्या तोंडाला पाडलेले आटे नळीच्या अक्षाशी तंतोतंत जुळलेच पाहिजेत. ब्रेकचं बाहेरचं छिद्र गोळीपेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर मोठं असतं. म्हणजे गोळीच्या प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटर जागा. आटे तिरपे पडले, तर गोळी कडेला घासते, नेम सुटतो आणि ब्रेक फुटूही शकतो. हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावं. शिकारीला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. रानडुक्कर किंवा रोही पिकात शिरले तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही.

ब्रेकची खरी किंमत कानांना मोजावी लागते. रायफलचा आवाज मुळातच 160 डेसिबलच्या आसपास असतो आणि 140च्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. ब्रेक तो आवाज मागे आणि बाजूंना वळवतो. मचाणावर शेजारी बसलेल्याला हा तडाखा झाडणाऱ्यापेक्षाही जास्त बसतो. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही हवेत, आणि दोघांनाही.

ब्रेक बसवला की गोळी लागण्याची जागा सरकते, म्हणून नेम नव्याने जुळवून घ्यावा. काही फैरींनंतर बंदूक रिकामी आहे याची खात्री करून ब्रेक ढिला झाला का ते पाहावं, आणि छिद्रांत साचलेली काजळी खरवडून काढावी. एका बाजूची छिद्रं बुजली, तर त्याची गत चिखल भरलेल्या टीसारखीच होते.