हिरव्या दिव्यामागची खाडी आणि राख

हिरवा दिवा म्हणजे आशा, राखेचं खोरं म्हणजे गरिबी, जाहिरातीच्या फलकावरचे डोळे म्हणजे देव. ‘द ग्रेट गॅट्सबी’ या अमेरिकन कादंबरीची प्रतीकं अशी जोड्या लावून शिकवली जातात आणि तिथेच कादंबरी निसटते असं मला वाटतं. यातल्या बऱ्याच गोष्टी लेखकाच्या रोजच्या वाटेवर होत्या.

ऑक्टोबर १९२२मध्ये तिचा लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड पत्नी झेल्डा आणि वर्षाच्या मुलीसह न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या ग्रेट नेकमध्ये भाड्याने राहायला आला. तिथे नट, नाटकवाले, लेखक अशा नव्याने पैसा मिळवलेल्यांची वस्ती. मॅनहॅसेट खाडीपलीकडे पिढीजात धनिकांचे वाडे. कादंबरीतली वेस्ट एग आणि ईस्ट एग ती हीच. मधलं पाणी इतकं कमी, की पलीकडच्या धक्क्यावरचा दिवा रात्री सहज दिसावा. नव्याने श्रीमंत झालेला गॅट्सबी आपल्या जुन्या प्रेयसीच्या, आता टॉमची बायको असलेल्या डेझीच्या, धक्क्यावरचा हिरवा दिवा पाहतो तो याच पाण्यावरून.

राखेचं खोरंही खरं. तिथून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला जाताना वाटेत क्वीन्समधला कोरोना भाग लागे. ब्रुकलिनच्या घराघरांतून कोळसा जळायचा आणि त्याची राख वर्षानुवर्षं इथल्या दलदलीत ओतली जायची. तिचे डोंगर झाले होते. खाडीकाठच्या मेजवान्यांना जाणाऱ्यांना आणि पहाटे परतणाऱ्यांना हे डोंगर टाळता येत नसत. फिट्झजेराल्डने नेमकं इथेच विल्सनचं गॅरेज उभं केलं. त्याची बायको मर्टल श्रीमंत टॉमच्या आधाराने या राखेतून बाहेर पडू पाहते आणि त्याच रस्त्यावर टॉमच्या बायकोच्या हातातल्या गाडीखाली मरते. दुसऱ्यांच्या घरांची ऊब जिथे राख होऊन साठते, तिथे राहणाऱ्यांचं आयुष्य दाखवायला याहून नेमकी जागा मला सुचत नाही. पुढे ते ढिगारे सपाट करून तिथे १९३९चा जागतिक मेळा भरला. यूएस ओपनची टेनिस मैदानं आज त्याच परिसरात आहेत.

प्रेमाची बाजू आणखी जुनी, आणि दुखरी. जानेवारी १९१५मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलला फिट्झजेराल्डची जिनेव्रा किंगशी ओळख झाली. ती शिकागोच्या बड्या घराण्यातली, हा बेताच्या ऐपतीचा. गरीब मुलांनी श्रीमंत मुलींशी लग्नाचा विचार करू नये, असं १९१६मध्ये कानावर पडलेलं वाक्य त्याने आपल्या वहीत टिपून ठेवलं. १९१८ साली जिनेव्राचं लग्न दुसरीकडे झालं. त्याच उन्हाळ्यात, सैन्यात असताना, अलाबामातल्या न्यायाधीशाची मुलगी झेल्डा सेयर त्याला भेटली. पैशाची शाश्वती नाही म्हणून १९१९मध्ये तिनेही ठरलेलं लग्न मोडलं. मार्च १९२०मध्ये पहिली कादंबरी आली आणि आठवड्याभरात लग्न लागलं.

फिट्झजेराल्डला पैशामागून मुलगी मिळाली. गॅट्सबीकडे तर त्याच्याहून कितीतरी जास्त पैसा आहे. मग तो का हरतो? त्याचं उत्तर त्या काळच्या कायद्यात सापडतं. जानेवारी १९२०पासून अमेरिकेत दारूबंदी होती, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधांच्या दुकानात व्हिस्की मिळे. त्या आडून गॅट्सबीने दारू विकली, हे टॉम सगळ्यांसमोर उघड करतो आणि डेझी मागे सरते. गॅट्सबीचा भागीदार वुल्फशाइम हा न्यूयॉर्कच्या आर्नल्ड रॉथस्टीन या जुगारसम्राटावर बेतलेला. २०१३च्या चित्रपटात ती भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. टॉमचा पैसाही त्याने कमावलेला नाही, पण तो कुठून आला हे त्याला कुणी विचारत नाही. मला कादंबरीतला खरा वर्गभेद इथे दिसतो.

१० एप्रिल १९२५ला पुस्तक आलं. पहिल्या २०,८७० प्रती खपल्या. नंतर छापलेल्या ३,००० मात्र डिसेंबर १९४०मध्ये लेखक वारला तेव्हाही पुरत्या संपल्या नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी खिशात मावणारी आवृत्ती निघाली, सुमारे १,५५,००० प्रतींची. गॅट्सबीही डेझीच्या घरात पहिल्यांदा शिरतो तो सैनिक म्हणूनच. अंगावर गणवेश होता, म्हणून तो कुठल्या घरातला आहे हे त्या दिवशी कुणाला कळलं नाही.