कान नॉर्मल, तरी ऐकणं अवघड: एपीडीचं निदान आणि शाळेतल्या सवलतींमागचा इतिहास

ऑडिओमेट्रीचा, म्हणजे कानाच्या तपासणीचा, कागद हातात आला आणि त्यावर दोन्ही कान नॉर्मल असं लिहिलेलं असलं की कुठल्याही आईबाबांना हायसं वाटतं, पण काही घरांत खरी धावपळ तिथूनच सुरू होते. कारण मूल नीट ऐकत नाहीये हे तर रोज दिसतंय. तीनदा हाक मारली की एकदा "आँ?", श्रुतलेखनात "दार"चं "धार" आणि "पळ"चं "फळ", बाई म्हणाल्या "पान नंबर 42 काढा, पहिला प्रश्न पुस्तकातच सोडवा आणि तिसरा वहीत" तर पान निघालंय आणि पुढचं सगळं शेजारच्याच्या वहीत डोकावून चाललंय. डायरीत शेरा ठरलेला, लक्ष देत नाही. घरी शांत खोलीत समोर बसवून सांगितलं की हेच पोरगं सगळं धडाधड करतं, त्यामुळे आजीचं मत की नाटकं आहेत सगळी.

याला एपीडी म्हणतात, ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर. आवाज कानात पोचतो, पण कानापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर आणि मेंदूत त्याची जी छाननी व्हायला हवी, बाईंचा आवाज कुठला आणि पंख्याचा कुठला, कुठलं अक्षर आधी आलं कुठलं नंतर, ती नीट होत नाही. हे नाव कळल्यावर पालक दोन गोष्टी विचारतात, सर्टिफिकेट कुठे मिळतं आणि शाळेत काय सवलत मिळते. दोन्हींचं सरळ उत्तर मिळत नाही, आणि ते का मिळत नाही हे समजून घ्यायला सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

1953 साली कॉलिन चेरी नावाच्या ब्रिटिश संशोधकाने एक साधा वाटणारा प्रश्न प्रयोगाला घेतला, की एकाच वेळी अनेक माणसं बोलत असताना आपण त्यातल्या एकाचंच बोलणं कसं काय पकडतो. तेव्हा विमानतळावरच्या कंट्रोलर लोकांना अनेक पायलटांचे आवाज एकाच स्पीकरमधून ऐकावे लागायचे आणि गोंधळ व्हायचा, म्हणून अशा प्रश्नांना तेव्हा फार किंमत होती. चेरीने याला कॉकटेल पार्टी प्रॉब्लेम असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी, 1954 मध्ये, इटलीत एत्तोरे बोक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानाजवळच्या भागात, गाठ असलेल्या पेशंटना मुद्दाम बिघडवलेलं बोलणं ऐकवलं, म्हणजे त्यातल्या वरच्या पट्टीचे आवाज गाळून टाकलेलं. या पेशंटना नेहमीच्या तपासणीतले टूं-टूं आवाज ऐकू यायचे, पण हे अर्धवट बोलणं गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने ओळखताना ते अडखळायचे. म्हणजे कान शाबूत असूनही ऐकणं बिघडू शकतं, हे तपासणीत पकडता आलं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत हेल्मर मायकलबस्ट यांनी लहान मुलांबद्दल सांगितलं की आवाजाला प्रतिसाद न देणारं प्रत्येक मूल बहिरं नसतं, कुणाला भाषेची अडचण असते, कुणाला आणखी कसली, आणि हे वेगवेगळं ओळखलं पाहिजे.

एक इंजिनिअरिंगकडून आलेला, एक कानाचे डॉक्टर, एक मुलांच्या शिक्षणातला. माझ्या मते एपीडीची पुढची सगळी ओढाताण इथेच ठरून गेली, कारण हा विषय पहिल्यापासून तीन खात्यांत वाटला गेला आणि कुठल्याच एका खात्याचा झाला नाही.

टेस्ट मात्र भराभर तयार झाल्या. 1961 मध्ये कॅनडात डोरीन किमुरा यांनी दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवण्याची पद्धत मेंदूच्या पेशंटवर वापरली, 1962 मध्ये जॅक कॅट्झ यांनी दोन्ही कानांत एकमेकांवर अर्धवट चढणारे शब्द ऐकवण्याची टेस्ट आणली. आजही ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, मूल त्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसतं तेव्हा याच घराण्यातल्या टेस्ट चालू असतात. डाव्या कानात "एक, सात", नेमक्या त्याच क्षणी उजव्या कानात "तीन, नऊ", आणि मुलाने चारही आकडे सांगायचे. लहान मुलांचा उजवा कान यात थोडा वरचढ असतोच, ते नॉर्मल आहे, पण डावीकडचे आकडे वयाच्या मानाने फारच गळायला लागले की रिपोर्टमध्ये तसं येतं. मग गोंगाटातले शब्द ओळखणं, आवाजात मध्येच पडलेली सेकंदाच्या काही हजाराव्या भागांएवढी फट ओळखणं, चढ्या-उतरत्या सुरांचा क्रम सांगणं, असं बरंच असतं. साधारण सात वर्षांच्या आधी हे करून उपयोग नसतो कारण ऐकण्याची ही यंत्रणाच तोवर पुरती तयार झालेली नसते, एकाच वयाच्या दोन धडधाकट मुलांचे मार्क इतके वेगळे येतात की त्यातून काही ठरवता येत नाही. बालवाडीतल्या मुलाला घेऊन गेलं की "थोडं थांबा" सांगतात ते टाळाटाळ म्हणून नाही. आणखी एक, शब्द आणि आकडे असलेल्या टेस्ट मुलाच्या सरावाच्या भाषेतच व्हायला हव्यात, घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल तर हे आधीच बोलून घ्यावं, नाहीतर कच्च्या इंग्रजीचा दोष कानाच्या नावावर चढतो.

1996 आणि मग 2005 मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टच्या संघटनेने, म्हणजे ASHA ने, एपीडी कशाला म्हणायचं आणि निदान कुणी करायचं यावर कागद काढले, निदान ऑडिओलॉजिस्टनेच करायचं असं म्हटलं. वाटलं आता मिटलं. पण 2010 मध्ये ब्रिटनमधून डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांचा सुमारे दीड हजार शाळकरी मुलांवरचा अभ्यास आला आणि त्यात असं निघालं की या टेस्टमधले कमी मार्क आणि मुलांच्या रोजच्या ऐकण्याच्या तक्रारी यांचा संबंध निव्वळ आवाज ओळखण्याच्या क्षमतेपेक्षा लक्ष आणि स्मरण यांच्याशी जास्त लागतो. तेव्हापासून दोन तट आहेत. मानसोपचाराच्या डीएसएम-5 या यादीत एपीडी नाही, अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आजारांच्या कोड-यादीत आहे. एखादे डॉक्टर "असं काही नसतं हो" म्हणून उडवून लावतात आणि दुसरे चार पानी रिपोर्ट देतात, त्याचं मूळ या वादात आहे. पालकांनी यात बाजू घ्यायची गरज नाही, कारण मूल वर्गात अडतंय हे दोन्ही तट मान्य करतात, भांडण कारणावर आहे. मात्र लक्षाची आणि भाषेची तपासणीही सोबत करून घ्यावी हे त्या वादातून आलेलं शहाणपण घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे हा विषय म्हैसूरमधून आला. ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग 1965 ची, मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग इन्स्टिट्यूट 1983 ची. म्हैसूरच्या आशा यतिराज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शाळेतल्या शिक्षकांनी भरायची बारा प्रश्नांची हो-नाही चेकलिस्ट बनवली, नंतर शाळेतच करता येईल अशी छोटी स्क्रीनिंग टेस्टही. शिक्षकाने भरायची ही कल्पना मला फार पटते, कारण हे मूल गोंगाटात कसं वागतं ते डॉक्टरच्या शांत खोलीत कधी दिसतच नाही.

आता कायदा. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि ऐकण्याच्या बाबतीत मोजमाप एकच, चांगल्या कानात 60 डेसिबल किंवा जास्त तूट. 2016 च्या कायद्यात प्रकार 21 झाले, पण ऐकण्याचं मोजमाप डेसिबलचंच राहिलं. एपीडीच्या मुलाची डेसिबलमध्ये तूट शून्य, म्हणजे त्या दारातून प्रवेश नाही. त्यामुळे सरकारी योजनेतून श्रवणयंत्रासारखं साधन मिळण्याचा मार्गही बंद, आणि बाईंच्या गळ्यात माइक आणि मुलाच्या कानात रिसीव्हर अशी जी सिस्टिम या मुलांना खरोखर उपयोगी पडते ती स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते.

दुसरं दार अध्ययन अक्षमतेचं. 1963 मध्ये शिकागोत पालकांच्या एका परिषदेत सॅम्युअल कर्क यांनी लर्निंग डिसॅबिलिटी हे नाव पुढे केलं, 1975 च्या अमेरिकन कायद्यात त्याची व्याख्या आली, बोली किंवा लेखी भाषेवर प्रक्रिया करण्यातली अडचण अशी, आणि सोबत डिस्लेक्सिया वगैरेंची यादी, तिच्यात आकलनाच्या म्हणजे परसेप्शनच्या अडचणीही होत्या. आपल्या 2016 च्या कायद्यातली व्याख्या जवळजवळ त्याच वळणाची आहे, बोली भाषाही त्यात आहे आणि परसेप्च्युअल डिसॅबिलिटीजही. कागदावर एपीडीचं मूल इथे बसायला जागा आहे.

पण प्रत्यक्षात सर्टिफिकेट कशावर मिळतं? 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे (2024 मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या) आधी डोळे-कान ठीक आहेत ना बघायचं, मग बुद्ध्यांक, मग बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या टेस्ट, आणि भर सगळा वाचन, लेखन, स्पेलिंग, गणितावर होता. त्या सूचनांत आठ वर्षांच्या आधी सर्टिफिकेट नव्हतं, पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी होती. म्हणजे ऐकण्याच्या अडचणीमुळे मुलाचं वाचन-लेखन मागे पडलं असेल तर सर्टिफिकेट, आणि घासून अभ्यास घेणाऱ्या आईमुळे लेखन कसंबसं टिकलं असेल तर नाही! ऑडिओलॉजिस्टचा एपीडी रिपोर्ट फाइलला जोडता येतो, पण सर्टिफिकेट त्यावर मिळत नाही.

महाराष्ट्र यात खरं तर पुढे होता. 1996 मध्येच राज्य सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सवलती दिल्या, मुंबईत सायन हॉस्पिटलसारख्या ठिकाणी त्यासाठीची तपासणी होऊ लागली. त्या सवलती आठवून बघा, लेखी पेपरला जादा वेळ, स्पेलिंगच्या चुका माफ, एक भाषा सोडायची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. सगळ्या लिहिण्याशी आणि परीक्षेशी संबंधित. तेव्हा डोळ्यासमोर डिस्लेक्सियाचं मूल होतं, ते बरोबरच होतं, पण एपीडीच्या मुलाची अडचण मार्चमध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये नसते, तिथे तर चिडीचूप शांतता असते. त्याची अडचण जूनपासून साठ मुलांच्या वर्गात असते. शाळेभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे, जागतिक आरोग्य संघटनेची जुनी शिफारस वर्गाच्या आत 35 ची, आणि आपले वर्ग कसे असतात, उघड्या खिडक्या, बाहेर रिक्षा, वर खडखडणारा पंखा, फरशी आणि भिंतींवर घुमणारा आवाज, ते सांगायला नको.

म्हणून शाळेकडे मागायचं ते वेगळंच असतं: पुढची जागा, पण दारापासून आणि पंख्यापासून लांब, सूचना एका वेळी एक आणि फळ्यावर लिहून, श्रुतलेखनात शब्द परत सांगणं, गृहपाठ तोंडी न सांगता लिहून देणं, भाषेच्या तोंडी परीक्षेतला श्रवणाचा भाग शांत खोलीत घेणं. यातल्या एकाही गोष्टीसाठी बोर्डाची परवानगी घ्यावी लागत नाही, मुख्याध्यापकांच्या सहीत काम होतं. 2016 च्या कायद्याचं कलम 16 इथे कामी येतं. ते सरकारी मदत घेणाऱ्या किंवा नुसती मान्यता असलेल्या शाळांनाही लागू आहे, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करा असं त्यात म्हटलंय, अध्ययन अक्षमता लवकर ओळखून शिकवण्यात बदल करा हेही आहे, आणि त्या कलमात 40 टक्के अपंगत्वाची अट घातलेली नाही, ती आरक्षणासारख्या ठिकाणी येते. शाळा सर्टिफिकेट आणा म्हणून अडून बसली तर अर्जात या कलमाचा उल्लेख करावा, सोबत ऑडिओलॉजिस्टच्या रिपोर्टची फक्त शिफारशींची पानं जोडावीत, आलेखांची नकोत, ती वर्गशिक्षिकेच्या काही कामाची नसतात, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा पोच शिक्का घ्यावा.