हप्ता थकला म्हणून पोलीस धरून नेत नाहीत

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांच्या मनात एक भीती घर करून बसली आहे: मायक्रोफायनान्सचा, म्हणजे गटातून मिळणाऱ्या छोट्या कर्जाचा, हप्ता चुकला की पोलीस उचलून नेतात. हे खरं नाही. पैसे नाहीत म्हणून हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, गुन्हा नव्हे. दिलेला चेक किंवा खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला, तर मात्र खटला होऊ शकतो. तशी नोटीस आली तर गप्प बसू नका.

घर बुडतं ते या भीतीपायी. शेजारच्या मावशींनी तांदळाच्या डब्यातून तीन कर्जगटांची हप्त्यांची तीन कार्डं काढून दाखवली. ते हप्ते भरायला त्यांनी सावकाराकडून महिना १० टक्क्यांनी २०,००० रुपये उचलले होते. म्हणजे दरमहा २,००० नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी! खरं तर परवान्याविना सावकारी हाच महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

आधी रेशन, भाडं, औषधं, शाळा बाजूला काढा. उरलेल्यात किती झेपतं ते कागदावर मांडा आणि कंपनीकडे मुदत वाढवून मागा, लेखीच. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.