बाळ झोपलंय म्हणून थांबू नका
तान्ह्या बाळाच्या पोटाची सोनोग्राफी: पालकांसाठी माहिती

‘बाळ आत्ताच शांत झोपलंय, उठलं की घेऊन येतो.’ आमच्या सेंटरवर असा फोन पुष्कळदा येतो. गळ्याची गाठ दाखवायला संध्याकाळी आलात तरी चालतं. पण बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर ‘इंटससेप्शन?’ लिहिलं असेल, तर झोपलेल्या बाळाला तसंच उचलून आणा.

इंटससेप्शन म्हणजे आतड्यात आतडं घुसणं. स्वेटर काढताना बाही आत ओढली जाते, तसं लहान आतड्याचं टोक मोठ्या आतड्यात शिरतं. 3 महिने ते 3 वर्षं या वयात हे होतं, 5 ते 9 महिन्यांच्या बाळांत सगळ्यात जास्त. बऱ्याचदा आधी सर्दी किंवा जुलाब होऊन गेलेले असतात, त्यात आतड्यातल्या गाठी सुजतात आणि आतडं त्यांनाच अन्नासारखं पुढे ढकलायला लागतं. आईच्या खाण्याशी याचा संबंध नाही. (हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवा.)

कळ आली की बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, थोड्या वेळाने थांबतं, मलूल पडतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. या मधल्या झोपेनेच घात होतो. आतडं सुटलेलं नसतं; ते सुजत असतं आणि त्याचा रक्तपुरवठा आवळला जात असतो. बाळ थकून झोपलेलं असतं, बरं होऊन नाही. दृष्ट काढली, बेंबी सरकली म्हणून पोट चोळलं, गुटी चाटवली, आणि रडं थांबलं. ते तसंही थांबणारच होतं.

गेल्या पावसाळ्यात सात महिन्यांच्या एका बाळासाठी दुपारी फोन आला होता. आणलं दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री शी लाल, शेंबडासारखी झाली, ती घरच्यांनी आव समजली. अशी शी हे उशिराचं लक्षण आहे, तिची वाट बघायची नसते. त्या बाळाच्या आतड्याचा तुकडा कापून काढावा लागला.

‘एक्स-रे नॉर्मल आहे, मग सोनोग्राफी कशाला?’ असंही विचारतात. या आजारात एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. सोनोग्राफीत मात्र आडव्या कापलेल्या कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळं दिसतात आणि सहसा शंका उरत नाही. आमच्याकडे लहान मुलांसाठी वेगळा बारीक प्रोब (पोटावर फिरवायचा मशीनचा भाग) आहे, जेल कोमट करून लावतो, बाळ आईच्या मांडीवरच राहतं. तपासणीसाठी उपाशी असण्याची गरज नाही. पण पुढे भूल द्यावी लागू शकते, म्हणून उलट्या आणि कळा सुरू असतील तर वाटेत दूध पाजू नका, आणि शेवटचं कधी पाजलं ते सांगा.

निदान झालं की आम्ही सर्जनना तिथूनच फोन करतो. हॉस्पिटलात आधी सलाईन लावतात, नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात. मग शीच्या जागेतून नळीने सलाईनचं पाणी किंवा हवा दाबाने सोडून घुसलेलं आतडं मागे ढकलतात, सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत. वेळेत आलेल्या दहा बाळांपैकी साधारण आठांचं काम एवढ्यावर भागतं. नाही भागलं, किंवा आतडं फाटल्याची शंका असली, तर ऑपरेशन. साधारण दहात एका बाळाला हे पुन्हा होतं, बरेचदा पहिल्या दोन-तीन दिवसांतच.

‘पाणी इथेच का सोडत नाही?’ कारण क्वचित आतडं फुटू शकतं, आणि तेव्हा ऑपरेशन थिएटर शेजारी लागतं. ते आमच्याकडे नाही. मशीन घेऊन घरी येणंही शक्य नाही. नोंदवलेल्या जागेबाहेर ते असं नेणं कायद्यात बसत नाही.

एका बाबतीत आधी आमच्याकडे येऊच नका. जन्मल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात बाळाला हिरवी उलटी झाली, तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. त्यात काही तासांत सगळं लहान आतडं जाऊ शकतं. थेट बालशल्यचिकित्सक असलेलं हॉस्पिटल गाठा. तपासणी कुठली करायची ते तिथले डॉक्टर ठरवतील.

बाकी किरकोळ. गरोदर बाईंसाठी भरायचा एफ फॉर्म बाळाला लागत नाही. आधार कार्ड आणायला अर्ध्या वाटेतून घरी फिरू नका. अशा बाळाला आम्ही नंबर तोडून आत घेतो. रांगेतल्यांनी कुरकुर केली तर ती आम्ही ऐकून घेऊ. रात्रीचा दर जास्त आहे, कारण स्टाफला घरून बोलवावं लागतं. पण बाळ टेबलावर असताना पैशांचं कोणी विचारणार नाही. शटर खाली दिसलं तरी डावीकडची बेल दाबा, वरच राहतो.