लघवीचं जुनं औषध आणि उशिरा सापडलेला विषाणू

विडी वळायला बसलेली बाई मांडीवरचं सूप सारखं खाली ठेवत नाही. पाणी कमी पिते, लघवी अडवून धरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर जळजळ सुरू व्हायला वेळ लागत नाही. मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा नाव येतं नायट्रोफ्युरॅन्टॉइन.

हे औषध १९५३ साली अमेरिकेत बाजारात आलं. ते रक्तात फारसं टिकत नाही, लघवीत उतरतं आणि तिथेच जंतूंना मारतं. नव्या अँटिबायोटिक्सना जंतू दाद देईनासे झाले, तशी या जुन्या कॅप्सूलची किंमत पुन्हा कळली. औषध चांगलंच आहे. पण ते महिनोन् महिने घेणाऱ्या काही मोजक्या रुग्णांच्या, त्यातही बायकांच्या, यकृताला सूज येते. १९८८ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी अशा ५२ जणांचा अभ्यास छापला.

इथे वर्ष महत्त्वाचं आहे. यकृताला अशीच सूज आणणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. त्याआधी त्या आजाराला ‘हिपॅटायटिस ए नाही, बी नाही’ एवढंच नाव होतं आणि त्याची तपासणीच नव्हती. म्हणजे १९८८ पर्यंतच्या कुठल्याही रुग्णाबाबत ‘हे औषधामुळेच, सी विषाणूमुळे नाही’ असं रक्त तपासून सांगता येत नव्हतं. पुढे तपासण्या आल्या, सी नसलेल्या रुग्णांतही तशीच सूज दिसली आणि औषधावरचा ठपका कायम राहिला. उलटंही घडलं: औषधाची इजा म्हणून नोंदलेल्या काही अमेरिकन रुग्णांना प्रत्यक्षात नुकतीच सीची लागण झालेली निघाली. नेहमीच्या तपासणीत शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी शोधतात; ती तयार व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून अशा वेळी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा स्वतःचा जनुकीय अंशही तपासावा लागतो.

ओळखीच्या एका मावशींच्या डब्यात मी घडीवर फाटलेली जुनी चिठ्ठी पाहिली. तीच दाखवून त्या दर वेळी पाकीट आणायच्या. या कॅप्सूलने लघवी गडद पिवळी, तपकिरीसुद्धा होते आणि त्यात बिघडलेलं काही नसतं. पण काविळीतही लघवीचा रंग तसाच होतो! ‘गोळीचाच रंग आहे’ म्हणून दिवस जातात. मग डोळे पिवळे झाले की कावीळ उतरवायला नेतात आणि गोळी चालूच राहते.

औषधाची इजा असेल तर ते बंद केल्यावर यकृत बहुधा सावरतं. सी असेल तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी व उपचार मोफत आहेत. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ते रिकामं पाकीट सोबत न्यायचं आणि किती महिने घेतलं तेही सांगायचं.