पार्श्वभूमी : पॅनिक आधी की अगोराफोबिया?

इंदूरच्या मराठी घरांत या त्रासाला एकच नाव आहे, घबराहट. राजेंद्रनगरातली अकरावीची एखादी मुलगी भंवरकुआँच्या कोचिंगला निघते आणि सिटी बसमधून मध्येच उतरते. छातीत धडधड, हाताला मुंग्या, ‘आता मी मरते’ असं वाटणं. ईसीजी नॉर्मल येतो, आजी दृष्ट काढते, बाबांना तो अभ्यास टाळण्याचा बहाणा वाटतो. पुढे दोन दवाखाने झाले की केसपेपरवर दोन वेगळी नावं येतात : एकावर पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक येणारे घबराहटीचे झटके, आणि दुसऱ्यावर अगोराफोबिया, म्हणजे ठरावीक जागांची भीती. डॉक्टरांची त्यात चूक असतेच असं नाही. तो घोळ वर्गीकरणातच आहे.

‘अगोराफोबिया’ हा शब्द १८७१ मध्ये एका जर्मन मनोविकारतज्ज्ञाने घडवला. बर्लिनमधले त्याचे रुग्ण मोकळे चौक ओलांडायला घाबरत. अगोरा म्हणजे ग्रीक शहरातली लोक जमण्याची, बाजाराची जागा. आपल्याकडे कुणी ‘मोकळ्या जागेची भीती’ लिहितं, कुणी ‘गर्दीची भीती’. ही दोन भाषांतरं एकमेकांच्या उलट आहेत आणि माझ्या मते दोन्ही दिशाभूल करतात. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर पाय ठेवायला जागा नसते. तरी गल्लीच्या तोंडाशी उभं राहायला मिळालं तर अशी मुलगी तिथंही टिकू शकते. मध्येच काही झालं तर निघता येणार नाही, कुणी मदतीला नसेल, ही खरी भीती. म्हणून तिला दाराजवळची सीट हवी, पाण्याची बाटली हवी आणि सोबत काकू हवी.

१९६०च्या आसपास अमेरिकेतल्या एका रुग्णालयात अशा रुग्णांना इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध देऊन पाहिलं गेलं. रुग्ण म्हणत, काही फरक नाही. परिचारिकांनी मात्र सांगितलं की ते आता घाबरून त्यांच्याकडे धावत येत नाहीत. अचानक येणारा झटका आणि ‘पुन्हा येईल’ ही धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार तिथून रुजला. मनोविकारांच्या १९८० च्या अमेरिकी वर्गीकरणात पॅनिक डिसऑर्डर स्वतंत्र आजार झाला.

वादग्रस्त ठरला तो त्याच वर्गीकरणाचा १९८७ चा निर्णय. आधी पॅनिक, मग त्याच्या भीतीने जागा टाळणं, असा क्रम धरून अगोराफोबियाला पॅनिकच्या शेपटाला बांधलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणाने, जे आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत चालायचं, नेमकं उलट केलं : अगोराफोबिया मुख्य, झटके हे त्याच्या तीव्रतेचं लक्षण. त्यामुळे एकाच मुलीला दोन नावं. झटका कधीच न आलेल्या, तरी घराबाहेर न पडणाऱ्या मुलांची १९८७ च्या चौकटीत अडचणच व्हायची. २०१३ मध्ये अमेरिकी पुस्तिकेने दोघांची फारकत केली. बस-रेल्वे, मोकळी जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी आणि घराबाहेर एकटं असणं, या पाचांपैकी किमान दोन ठिकाणी भीती, साधारण सहा महिने. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण योग्य.

किशोरवयीन मुलं या सगळ्यात उशिरा आली. शरीरातल्या धडधडीचा ‘मरण’ असा अर्थ लावण्याइतकी मुलांची समज नसते, असं १९८० च्या दशकात काही तज्ज्ञ मांडत. चौदाच्या आत हा आजार विरळा, हे खरंच. त्यापुढे मात्र तो वाढतो.

औषधांबाबत २००४ नंतर हात आखडला. या आजारातही दिल्या जाणाऱ्या नैराश्यविरोधी गोळ्यांनी मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने दिला. २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंत नेला. गोळ्या बंद झाल्या नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत लक्ष ठेवून त्या देतात. आपल्याकडे घरातल्या मोठ्यांची अल्प्राझोलाम ही शांत करणारी गोळी ‘अर्धी घे’ म्हणून मुलाला देण्याची सवय मात्र वाईट. त्या गोळीची सवय लागते, आणि गोळी खिशात असल्याशिवाय पोर बाहेर पडत नाही.

वर्तनोपचारात मुद्दाम धडधड आणवतात : खुर्चीवर गरगर फिरणं, जिना पळत चढणं, बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घेणं. धडधड वाढते आणि आपोआप ओसरते, हे मुलगी स्वतः पाहते. मग सिटी बसचा प्रवास. पहिल्या आठवड्यात काकू शेजारी बसते, दुसऱ्यात मागच्या सीटवर. तिसऱ्यात काकू स्टॉपवरच थांबते.