डोलास्टॅटिन १० : ५१२ शक्यतांमधला एक रेणू

ब्रेंटक्सिमॅब व्हेडोटिन या प्रतिपिंडाला जोडलेल्या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली. त्यातला पेशी मारणारा भाग डोलास्टॅटिन १० या समुद्री पेप्टाइडवर (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवर) बेतलेला आहे. मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ १९७२ मध्ये समुद्री शशक (गोगलगायीच्या कुळातले समुद्री प्राणी) गोळा झाले, पण त्यांतल्या डोलास्टॅटिन १० ची रचना प्रसिद्ध व्हायला १९८७ उजाडले. ढीगभर प्राण्यांमधून हाती आलेला पदार्थ जेमतेम मिलिग्रॅममध्ये मोजण्याजोगा होता.

रचना कळली म्हणजे कोणता अणू कोणाला जोडलेला आहे, एवढेच कळले. रेणूत नऊ किरल केंद्रे (ज्यांभोवतीचे गट दोन उलटसुलट प्रकारे मांडता येतात असे अणू) असल्याने अवकाशातल्या मांडण्या ५१२ होऊ शकतात. इथे लिखाणात नेहमी होणारा एक घोळ दूर करायला हवा. उरलेल्या सगळ्या ५११ समघटकांना (तेच अणू, तीच जोडणी, पण अवकाशातली मांडणी वेगळी) सर्रास ‘आरशातली प्रतिमा’ म्हटले जाते. खरी आरशातली प्रतिमा एकच, जिच्यात नऊच्या नऊ केंद्रे उलटी असतात. बाकीचे ५१० डायास्टेरिओमर, म्हणजे काहीच केंद्रे उलटी असलेले. हा भेद केवळ नावापुरता नाही. डायास्टेरिओमरचा एनएमआर आलेख (चुंबकीय क्षेत्रात अणूंनी दिलेल्या संकेतांचा आलेख) वेगळा येतो, म्हणून तो बनवून नैसर्गिक नमुन्याशी ताडून पाहता येतो. आरशातल्या प्रतिमेचा आलेख मात्र हुबेहूब तसाच येतो. तिला वेगळे काढायचे तर ध्रुवित प्रकाश कोणत्या बाजूला वळतो, ते बघावे लागते. नैसर्गिक रेणू तो डावीकडे वळवतो. ॲरिझोनातल्या गटाने १९८९ मध्ये संपूर्ण संश्लेषण करून ही निरपेक्ष मांडणी पक्की केली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम हेच.

न जुळलेले समघटकही कामी आले. ट्युब्युलिन या पेशीविभाजनाला लागणाऱ्या प्रथिनावरच्या चाचण्यांत त्यांनीच दाखवले, की सगळ्या केंद्रांचे वजन सारखे नसते.

मूळ रेणू रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांत निष्प्रभ ठरला. पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या सिम्प्लोका या सायनोबॅक्टेरियातही (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूतही) तो सापडल्याचे २००१ मध्ये जाहीर झाले. म्हणजे शशकाला तो बहुधा खाण्यातूनच मिळत असावा.

औषधात वापरलेल्या एमएमएई या कृत्रिम भावंडात एका टोकाच्या नायट्रोजनवरचा एक मिथाइल गट कमी केला आहे, कारण तिथेच प्रतिपिंडाकडे नेणारा दुवा जोडायचा असतो. दुसऱ्या टोकाला डोलाफेनिन या घटकाच्या जागी नॉरएफेड्रिन हा घटक आला आणि नवाची दहा किरल केंद्रे झाली.